त्यांपैकी डावखुऱ्या किती?

आमचे साहेब सभागृहात फारसे बोलत नसत. आमदार म्हटला की त्याचा घसा दणदणीत हवा असं लोकांना वाटतं. साहेबांचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचला तरी खूप झालं. पण लेखी प्रश्न विचारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका अधिवेशनात साठ, कधी सत्तर. शाळांच्या पाण्याच्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या, अमक्या पुलाचा कठडा कोणत्या महिन्यात बसणार, अंध माणसांसाठी घेतलेल्या काठ्या गोदामात कशासाठी पडून आहेत. बाकीचे आमदार त्यांना 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे. समोरच्या बाकांवरच्या एका दांडग्या आमदाराने ते नाव पाडलं होतं आणि ते चांगलंच चिकटलं होतं. साहेब हसून सोडून द्यायचे.

ते प्रश्न शब्दांत बसवण्याचं काम माझं. एकोणीस वर्षं मी त्यांची स्वीय सहायक होते. तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली, दोन टेबलं, दाराला कागदाची घडी लावल्याशिवाय बंद न होणारं एक कपाट, आणि खाली गाड्या लावायचं आवार दिसेल अशी खिडकी. खात्याला निसटता येणार नाही असा प्रश्न लिहायचा तर सवय लागते. 'दुरुस्ती होणार आहे काय' असं विचारलं की 'बाब विचाराधीन आहे' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. 'कोणत्या तारखेला' विचारलं की त्यांच्या घशात हाडूक अडकतं. साहेब मला विषय सांगायचे, मी मसुदा करायचे, ते एखादा शब्द बदलायचे. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

त्या अधिवेशनाच्या आधी, एका सकाळी, साहेब स्वतःच लिहिलेला कागद घेऊन आले. "बाई, हा एवढा टाईप करून द्या," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता खिडकीशी जाऊन उभे राहिले.

प्रश्न आरोग्य खात्याला होता. तीन भाग होते. राज्यातल्या नऊ मनोरुग्णालयांत, बरं झाल्याचा दाखला मिळूनही नातेवाईक न्यायला न आल्यामुळे तिथेच राहत असलेल्या व्यक्ती किती? त्यांपैकी तीस वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या स्त्रिया किती? आणि तिसरा भाग एका ओळीचा: त्यांपैकी डावखुऱ्या किती?

मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"साहेब, डावखुऱ्या?"

"हं."

"खातं हसेल. आणि हसण्यावारी नेलं की पहिले दोन भागही बुडतील. त्यापेक्षा तिसऱ्या भागात आपण पुनर्वसनाचं विचारू."

"हसू दे," ते म्हणाले. "तो भाग काढू नका."

एकोणीस वर्षांत माझी दुरुस्ती त्यांनी अशी झटकून टाकली नव्हती. मला जरा लागलंच. चार महिन्यांपूर्वी त्यांची आई गेली होती. मनात म्हटलं, माणूस अजून सावरला नाही, कुठेतरी काही वाचलं असेल. मी मुकाट्याने टाईप केलं, त्यांनी सही केली, प्रश्न गेला.

सहा आठवड्यांनी छापील उत्तर आलं. पहिल्या भागाला दोनशे चौदा. दुसऱ्याला सदतीस. तिसऱ्याला: 'अशा स्वरूपाची माहिती ठेवण्यात येत नाही.' साहेबांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. एरवी उत्तराचा कागद ते माझ्याकडे फाईलला लावायला देतात. हा त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. दुपारी डबा उघडलाच नाही.

दोन दिवसांनी आरोग्य खात्यातल्या कक्ष अधिकारी बाईंचा फोन आला. आमच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायचं काम अकरा वर्षं या बाईंकडे होतं. म्हणजे मी जाळं टाकायचं आणि त्यांनी त्यातून खात्याला अलगद सोडवून न्यायचं, असं आमचं नातं. फोनवर आम्ही एकमेकींना चांगल्या ओळखत होतो, पण समोरासमोर कधी आलो नव्हतो.

"तुमच्या साहेबांचा तो प्रश्न," त्या म्हणाल्या. "मी जेवणाच्या सुट्टीत येऊन जाऊ का? फोनवर नको."

आल्या. बुटक्या, जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी.

"मी तुम्हाला उंच समजत होते," मी म्हटलं.

"मी तुम्हाला तिरसट समजत होते," त्या म्हणाल्या. "ते अजून ठरायचंय."

साहेब आतल्या टेबलाशी काही वाचत बसले होते. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बाई बसल्या, पण बोलल्या बराच वेळ माझ्याकडे बघूनच. बहुधा सरळ त्यांच्याकडे बघणं त्यांना अवघड जात असावं.

"प्रश्न आला तेव्हा आमच्या उपसचिवांनी तिसऱ्या भागावर लाल रेघ मारली. म्हणाले, हे खालपर्यंत पाठवूच नका. मी म्हटलं, साहेब, प्रश्न तो प्रश्न. मी तिन्ही भाग नऊच्या नऊ ठिकाणी जसेच्या तसे पाठवले. सात ठिकाणांहून तिसऱ्या भागाला 'निरंक' आलं. एकाने काही कळवलंच नाही. आणि एका ठिकाणच्या मेट्रनबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवलं, 'दोन'. पुढे दोघींची नावं होती, आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ." त्यांनी पिशवीतून कागद काढला, पण आम्हाला दाखवला नाही. "'हे कोण विचारतंय? विचारणाऱ्याने कृपा करून यावं.' आता ही ओळ मी उत्तरात घालू शकत नव्हते. वरच्यांनी तर 'दोन' हा आकडाही घालू दिला नाही. पण फाईलला टाचून गप्प बसायचं, तेही मला जमेना."

खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"नाव मी सांगू शकत नाही," बाई आता साहेबांकडे वळून म्हणाल्या. "तो नियम आहे, आणि बरोबरच नियम आहे. पण तुम्हाला एखादं नाव सांगायचं असेल, तर मी ऐकून घेईन."

साहेब वाचत होते तो कागद त्यांनी बाजूला ठेवला. मग चष्मा काढून त्यावर ठेवला. आणि एका बाईचं नाव, वडिलांच्या नावासकट, सांगितलं. त्यांच्याच वडिलांचं नाव होतं ते.

"माझी थोरली बहीण," ते म्हणाले.

एकोणीस वर्षं मी त्यांचे कागद, औषधं, सोयरेधायरे, रुसवेफुगवे सगळं सांभाळत होते. त्यांना बहीण आहे हे मला माहीत नव्हतं.

बाईंनी हातातल्या कागदावर नजर टाकली, बघायची काही गरज नसावी तरी. मग तो घडी घालून पिशवीत ठेवला आणि टेबलावरच्या एका चिठोऱ्यावर रुग्णालयाचा पत्ता लिहिला.

"साहेब," त्या उठत म्हणाल्या, "तिथे भेटीची वेळ दहा ते एक आहे."

त्या गेल्यावर साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ते अकरा वर्षांचे असताना अक्का एकोणीस वर्षांची होती. तिची झोप उडाली, रात्रंदिवस भिंतीशी बोलायची, दोनदा घरातून निघून गेली. एका सकाळी वडील तिला पंधरा दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले आणि एकटेच परत आले. नातेवाइकांना सांगितलं, तापाने गेली. साहेबांना सांगितलं, घरात तिचं नाव काढायचं नाही. पुढे नोकरीला लागल्यावर एका काकांच्या तोंडून निसटलं की ती आहे, कुठल्याशा रुग्णालयात आहे. कुठल्या ते काकांनाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी वडिलांना विचारलं नाही. वडील गेल्यावर आईला विचारलं नाही. आणि आता आई गेल्यावर तिच्या कपड्यांच्या कपाटात, तळच्या कागदाखाली, एक छापील पत्र सापडलं. एकतीस वर्षांपूर्वीचं. 'आपली नातेवाईक बरी झाली असून तिला घेऊन जाण्याची व्यवस्था करावी.' पुढे अक्काचं नाव शाईने भरलेलं. रुग्णालयाचा शिक्का असा काही फिस्कटला होता की एक अक्षर लागत नव्हतं.

"पण साहेब, नऊच तर रुग्णालयं. तुम्ही नऊ फोन केले असते, किंवा मला सांगितलं असतं, तर एका दुपारचं काम होतं."

"फोन केला की पलीकडचा माणूस विचारतो, कोण लागते तुमची," ते म्हणाले. "लेखी प्रश्न विचारणाऱ्याला तो का विचारतोय हे कोणी विचारत नाही, बाई."

मी टेबलावरचा त्यांचा चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला.

"ती डाव्या हाताने शिवायची," तो न लावताच ते म्हणाले. "दुसरं काय विचारावं, मला सुचलंच नाही."

एवढं कळल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी निघेल असं मला वाटलं होतं. कसलं काय. सोमवारी समितीची बैठक, मंगळवारी दात दुखतोय, बुधवारी गाडीचं काहीतरी. गुरुवारी मी त्यांच्या टेबलावर चहा ठेवला आणि म्हटलं, "भेटीची वेळ दहा ते एक आहे." त्या संध्याकाळी त्यांनी घरी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सांगितलं.

वहिनी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आवाज न चढवता माणसाला कोपऱ्यात उभं करायची त्यांची हातोटी अजून गेलेली नाही. त्यांनीच मला नंतर सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं मला एक नणंद आहे, आणि मी तिला एकदा साधं बोलवलंही नाही. हा दोष तुम्ही माझ्या पदरात कशाला टाकलात?" त्यानंतर दोन तास त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत आणि त्या दोन तासांत त्यांनी मागची खोली रिकामी करून पुसून घेतली. शेवटी म्हणाल्या, "आधी तुम्ही जा. मी मागाहून येईन. एकदम माणसांचा घोळका बघून ती भांबावेल."

म्हणून साहेब मला घेऊन निघाले. "बाई, तुम्ही बरोबर चला. अर्ध्या वाटेवरून मी परत फिरलो तर..."

"तर मी गाडीची किल्ली काढून घेईन," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

रुग्णालय शहराबाहेर होतं. लांबच लांब बैठ्या इमारती, कमरेइतक्या उंचीपर्यंत हिरवा रंग, त्याच्या वर चुना, आणि सगळीकडे फिनेलचा वास. मेट्रनबाई दारातच भेटल्या. जाडजूड बाई, पण चाल अशी की आम्हाला मागून पळावं लागलं.

"विचारणारे तुम्ही?" त्यांनी चालता चालताच विचारलं.

"हो."

"मी बारा वर्षं इथे आहे. किती खाटा, किती चादरी, किती बादल्या, वरून सगळं विचारून झालं. बायकांचा हात कोणता ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, हा माणूस कुणालातरी ओळखतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "खरं तर डावखुरी एकच. दुसरी तिच्याकडे शिकली. इथे कात्री एकच आणि ती डाव्या हाताची, म्हणून ती पण डाव्या हाताने कापायला लागली. मी आपलं दोन लिहिलं."

शिवणाची खोली मोठी होती, उजेडाची. सहा यंत्रं, त्यांतली चार झाकलेली. खिडकीजवळ दोघीजणी एका लांब टेबलावर जाड कापड पसरून बसल्या होत्या. एक पन्नाशीची, तिला तिथे सगळे 'धाकटी' म्हणत. दुसरी बारीक चणीची, पांढरे केस कानाच्या वर कापलेले, हातात कात्री. डाव्या.

तिने मान वर करून साहेबांच्या कोटाकडे बघितलं. "पडदे शुक्रवारी होतील," ती म्हणाली. "आधी होणार नाहीत. तपासणी असू दे नाहीतर काही असू दे."

मी त्यांना सभागृहात दोन मिनिटांसाठी उभं राहिलेलं पाहिलंय, कागद हातात असताना घाम फुटलेला पाहिलाय. पण हे तसं नव्हतं. ते नुसते उभे होते, अवघडले की नेहमी राहायचे तसे, उजवं पाऊल डाव्या पावलावर ठेवून.

अक्कांनी ते पाय बघितले. बराच वेळ बघितले. मग कात्री टेबलावर ठेवली.

"तसं उभं राहू नकोस," त्या म्हणाल्या. "पडशील."

साहेबांनी पाऊल खाली घेतलं.

"ढब्बू?" अक्कांनी विचारलं.

आमचे साहेब काडीसारखे बारीक. पण त्यांनी मान हलवली.

अक्का उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. धाकटीला म्हणाल्या, "हा माझा भाऊ. लहानपणी लठ्ठ होता." मग साहेबांना, "आई?"

"गेली. आता पाच-सहा महिने होतील."

"बाबा?"

"बावीस वर्षं झाली."

अक्कांनी कापडावरचा एक दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळत राहिल्या. "इथून पत्र गेलं होतं घरी."

"हो. मला ते आत्ता सापडलं."

"आणि त्याच्या आधी?"

मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी उत्तर शोधायला लागले होते. सवयच ती. माहीत नव्हतं, लहान होतो, पत्ता नव्हता. तिन्हींत थोडं थोडं खरं होतं. साहेबांनी त्यांतलं एकही दिलं नाही.

"आधी मला ठाऊक होतं की तू कुठेतरी आहेस," ते म्हणाले. "मी शोधलं नाही."

"का?"

"भीती वाटली."

"माझी?"

"नाही गं. लोकांची. आणि पुढे पुढे, इतकी वर्षं शोधलं नाही, याचीच."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. काय चाललं होतं मनात, कोण जाणे. मग त्यांनी पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. "बस. ती दुसरी नको घेऊस, ती डगमगते." साहेब बसले. "रिकामा बसू नकोस. हे कच्चे टाके उसव. हळू, कापड फाटेल."

आणि आमदारसाहेब एक वाजेपर्यंत सरकारी पडद्यांचे टाके उसवत बसले. डोळ्यांतलं पाणी कापडावर पडत होतं, ते अक्कांनी पाहिलं असणार. त्या इतकंच म्हणाल्या, "हिरवा रंग जातो रे या कापडाचा. ओलं करू नकोस." धाकटी तोंडावर हात ठेवून हसली. मी बाहेर व्हरांड्यात आले, कारण आता माझं काही खरं नव्हतं.

निघताना साहेबांनी विचारलं, "अक्का, घरी येतेस?"

"पडदे आहेत," त्या म्हणाल्या.

त्यानंतर साहेब दर शनिवारी जायला लागले. तिसऱ्या शनिवारी वहिनीही गेल्या. दोघी नणंदा-भावजया पहिला अर्धा तास एकमेकींशी इतक्या अदबीने बोलल्या की साहेबांना धास्ती वाटली. मग वहिनींनी टेबलावरच्या एका उशीच्या अभ्र्याची शिवण तिरकी आहे असं म्हटलं, अक्कांनी ती सरळच आहे असं म्हटलं, पट्टी आली, मोजामोज झाली, शिवण तिरकी निघाली, आणि तिथून पुढे दोघींचं जमलं.

याच दरम्यान अधिवेशनात आरोग्य खात्यावर चर्चा आली. साहेबांनी बोलण्यासाठी नाव दिलं. मी भाषण लिहू का विचारलं तर नको म्हणाले. त्यांची पाळी आली तेव्हा अर्धं सभागृह गप्पांत होतं. ते उभे राहिले आणि नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाले, "दोनशे चौदा माणसं बरी होऊन घरच्यांची वाट बघत आहेत, असं खात्याने मला लेखी कळवलं. त्यांतली एक माझी बहीण आहे. आम्ही तिला न्यायला गेलो नाही. एकतीस वर्षं." मागे कुणीतरी "ऐकू येत नाही" म्हणालं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. ते पाच मिनिटं बोलले. खात्याने प्रत्येक घरी नव्याने पत्र पाठवावं, पत्राने भागणार नसेल तर माणूस पाठवावा, आणि ज्यांना घरच उरलं नाही त्यांना राहायला जागा आणि हाताला काम द्यावं, इतकंच मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बाकांवरचे ते दांडगे आमदार आमच्या खोलीत आले. ज्यांनी नाव पाडलं होतं, तेच. बसले. चहा घेतला. हवापाण्याचं बोलले. साहेबांनी त्यांना घाई केली नाही. शेवटी कप खाली ठेवून ते म्हणाले, "आमचा एक काका होता," आणि रिकामा कप बशीत फिरवायला लागले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी उठले आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

म्हणजे फार मोठी क्रांती झाली असं नाही. पत्रं गेली, ती आमच्या कक्ष अधिकारी बाईंनीच लिहिली. मला फोन करून मसुदा वाचून दाखवला. मी म्हटलं, 'व्यवस्था करावी' काढा, 'त्या तुमची वाट बघत आहेत' घाला. "सरकारी पत्रात?" त्या म्हणाल्या. पण घातलं. वर्षभरात एकोणीस जण घरी गेले. दोन परत आले. कित्येक पत्रं पत्ता सापडत नाही म्हणून परत आली.

अक्का पहिल्या भेटीनंतर सहाव्या आठवड्यात साहेबांच्या घरी आल्या, आठ दिवसांच्या बोलीवर. मेट्रनबाईंची चिठ्ठी, एक पिशवी, एवढंच सामान. निघताना धाकटी त्यांच्याशी बोलेना. अक्का तिला म्हणाल्या, "आठ दिवसांनी येते. तोवर कात्रीला तेल घाल."

घरी पहिल्या दिवसापासून त्या पहाटे पाचला उठायच्या, अंथरुणाची घडी घालायच्या आणि बाहेरच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. दाराला हात लावायच्या नाहीत. नुसत्या उभ्या. वहिनींनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. "अक्का, कडी आतूनच आहे. उघडा की."

"हो," अक्का म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

वहिनींनी पुन्हा काही सांगितलं नाही. त्याही पाचला उठायला लागल्या. शेजारी येऊन उभ्या राहायच्या, मग कडी काढून आपण आधी पायरी उतरायच्या आणि मागे न बघता थांबायच्या. थोड्या वेळाने अक्का उतरायच्या. दोघी फाटकापर्यंत जाऊन परत यायच्या. असे चार दिवस गेले.

सहाव्या दिवशी सकाळी वहिनींना जाग आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि अक्का घरात नव्हत्या.

मला फोन आला तेव्हा मी दात घासत होते. पोचले तर साहेब घरातल्या सपाता घालून, दाढी न करता, रस्त्यावर इकडून तिकडे येरझारा घालत होते. शेजारी विचारून झाले, बाग बघून झाली. "पुन्हा गेली," ते सारखं म्हणत होते. "तेव्हाही अशीच गेली होती." वहिनींनी त्यांचा दंड धरला. "तेव्हा ती आजारी होती. आता फिरायला गेली असेल. माणसं जातात फिरायला."

दोन गल्ल्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावर, बसथांब्याच्या बाकावर अक्का बसलेल्या सापडल्या. हात मांडीवर, मान ताठ. आम्हाला तिघांना घाईघाईने येताना बघून त्यांनी भुवया वर केल्या.

"काय झालं?"

"अगं, तू सांगून नाही का जायचं?" साहेबांचा आवाज चिरकला.

"कुणाला सांगायचं? सगळे झोपले होते." त्या बाकावर सरकल्या. "बस. धापा टाकतोयस."

साहेब बसले. एक बस आली, दोन माणसं उतरली, एक चढला, गेली. अक्कांनी तिच्यावरची पाटी शेवटपर्यंत वाचली.

"किती ठिकाणी जातात या," त्या म्हणाल्या. "मी आल्यापासून चौदा गेल्या. रुग्णालयाकडे कुठली जाते?"

साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी थांब्यांविषयी, निवाऱ्यांविषयी, फेऱ्यांविषयी खात्याला ढीगभर प्रश्न घातले असतील, पण बसमध्ये बसून त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. बाकाच्या टोकाला बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं: पहिली बाजारापर्यंत, तिथून बदलायची, तास-सव्वा तास लागतो.

"मग ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "चार दिवस तिकडे, तीन दिवस इकडे. मेट्रनबाईंशी मी बोलते. धाकटीला यंत्राची सुई अजून बदलता येत नाही, आणि पडद्यांनंतर गाद्यांच्या खोळी यायच्या आहेत."

"तू आता तिथे कशाला राहायचं?" साहेब म्हणाले. "हे तुझं घर आहे."

"असेल," अक्का म्हणाल्या. "हळूहळू होईल. घाई कशाची आहे तुला?"

वहिनींनी मागून साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, आता गप्प बसा अशा अर्थाने.

बोलल्याप्रमाणे आठव्या दिवशी अक्का निघाल्या. गाडीने सोडतो म्हटलं तर ऐकेनात. पहिल्या वेळी वहिनी सोबत बसल्या, रस्ता दाखवायला म्हणून, खरं तर रस्ता दोघींनाही ठाऊक नव्हता. मी आणि साहेब थांब्यावर उभे होतो. बस सुटायच्या बेतात असताना अक्कांनी खिडकीतून डोकं काढलं.

"शनिवारी येते," त्या म्हणाल्या. "त्या मागच्या खोलीतली गादी फार मऊ आहे रे. पाठ दुखते माझी."

शुक्रवारी वहिनींनी गादी बदलून घेतली.